मरे वॉकर, आणि आपल्या पटावरचे माईकवाले

पांदणरस्ता

मंडळी, आज १३ मार्च. २०२१ साली याच तारखेला मरे वॉकर गेला, वयाच्या ९७ व्या वर्षी. वयाने आजोबा लागतो, अहो-जाहो करायला पाहिजे हे कळतं. पण ज्याचा आवाज रोज दुकानात घुमतो त्याच्यासाठी तोंडातून 'तो'च येतं, सांभाळून घ्या.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. फॉर्म्युला वन मोटार शर्यतींचं इंग्रजी समालोचन म्हटलं की एका अख्ख्या पिढीच्या कानात हाच आवाज वाजतो. आधी बीबीसी, १९९७ पासून आयटीव्ही, आणि ३० सप्टेंबर २००१ ला अमेरिकेत इंडियानापोलिसला शेवटची शर्यत. अठ्ठ्याहत्तरावा वाढदिवस तेव्हा दहा दिवसांवर होता. आपल्याकडे त्या वयाचा माणूस पारावर बसून एसट्या मोजतो.

मी दारव्हा तालुक्यात ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान चालवतो. माझी त्याची गाठ पडली ती कॉम्प्युटरमधल्या एका गेममुळे. आयटीआयला होतो तेव्हा यवतमाळात एका क्लासमध्ये मोटार शर्यतीचा गेम होता, त्याला वॉकर आणि त्याचा आयटीव्हीवरचा जोडीदार मार्टिन ब्रंडल यांचा आवाज दिलेला. सर जेवायला गेले की आम्ही तो लावायचो. इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. पण माझी गाडी भिंतीवर आदळली की हा माणूस असा कळवळायचा, की खरंच घरचं कोणी पडलं असं वाटावं.

आता इंजिन खोलायला बसलो की फोनवर जुन्या शर्यती लावतो. पाहता येत नाही, हात ग्रीसचे. नुसत्या ऐकतो. पान्हे देणारा पोरगा परवा म्हणाला, "दादा, हा बुढा भांडून रायला का कोनासंग?"

त्याची कुळकथा पण ऐकण्यासारखी आहे. बाप ग्रॅहम वॉकर मोटारसायकल शर्यतीतला नावाजलेला गडी. १९३१ ला आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) मोटारसायकल शर्यतींत एक शर्यत जिंकलेला, पुढे स्वतःच रेडिओवर समालोचक. पोरगा दुसऱ्या महायुद्धात शर्मन रणगाड्यावर. युद्ध संपल्यावर १९४८ ला शेल्सली वॉल्श नावाच्या ठिकाणी, टेकडी चढायच्या शर्यतीत, त्याच्या हातात पहिल्यांदा माईक आला. तोही रेडिओचा नाही, मैदानावरच्या भोंग्याचा. पुढच्याच वर्षी बीबीसी रेडिओ. १९६२ ला बाप वारला तोवर दोघं बाप-लेक टीटीचं समालोचन एकत्र करत. पोटापाण्याला मात्र जाहिरात कंपनीतली नोकरी. म्हणजे कितीतरी वर्षं हा नुसता सुट्टीच्या दिवसाचा उद्योग. फॉर्म्युला वनचा पूर्ण हंगाम नियमाने त्याच्याकडे आला तो १९७८ मध्ये, चौपन्नाव्या वर्षी.

आणि चुका तर विचारू नका! "माझी फार मोठी चूक होत नसेल तर..." असं म्हणून एखाद्या गाडीचं नाव घ्यायचं, आणि पुढच्या श्वासाला "हो, माझी फार मोठी चूक झाली." 'गाडीला काहीही झालेलं नाही, फक्त ती पेटलेली आहे' हे वाक्यही त्याच्याच नावावर सांगतात. मिस्त्री म्हणून सांगतो, गिऱ्हाइकं ट्रॅक्टर ओढत आणतात तेव्हा अगदी हेच बोलतात.

पण धागा काढायचं कारण वेगळं. त्याला ऐकताना मला सारखा आमच्या भागातल्या शंकरपटावरचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीतला, एक माईकवाला आठवतो. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. बाबांनी हौसेने जोडी उतरवली होती. घरचेच बैल, वावरात राबणारे. जोडी सुटली आणि अर्ध्यात डाव्या बैलाने जी मान वळवली ती थेट कडब्याच्या गंजीकडे. छकडा आडवा, बाबा लोंबकळत. सगळं मैदान हसत होतं. मला रडू यायला लागलं. तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला, "हसू नका मंडळी. सकाळपासून एवढ्या जोड्या धावल्या, भूक लागली हे कबूल करणारा हा पहिलाच बैल आहे." मग त्याने बाबांचं पूर्ण नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं, दोन्ही बैलांची नावं घेतली आणि टाळ्या मागितल्या. टाळ्या पडल्या. बाबा तो प्रसंग पुढे वीस वर्षं सांगत, जसं काही पहिलं बक्षीस मिळालं होतं.

वॉकरमध्ये मला तेच ऐकू येतं. पहिल्या नंबरसाठी तो किंचाळतो ते ठीक आहे, सगळेच किंचाळतात. पण शेवटून दुसऱ्या चालकाची गाडी बंद पडली तरी त्याचं नाव असं घेतो की त्याच्या आईने ऐकलं तर बरं वाटावं.

तुमच्याकडच्या पटावरचे असे माईकवाले आठवत असतील तर लिहा. नावं टाकू नका, बरेच जण हयात आहेत आणि आपण त्यांना विचारलेलं नाही.

निंबोणी

वा! कडब्याच्या गंजीचा किस्सा वाचून डोळ्यांसमोर मैदान आलं. मला मोटारींतलं काही कळत नाही, पण वाचत राहीन. पुढील लेखनास शुभेच्छा.

दमणीवाला

पांदण भौ, लय झ्याक लिवलं राजेहो. त्या गोऱ्या बुढ्याचं मले काई मालूम नाई, पन माईकवाल्याचं सांगतो. आमच्या दर्यापूर भागात एक मानूस होता. सारे त्याले गुरुजी म्हनत. शायेत शिकवे नाई बरं, सोसायटीत शिपाई होता. पन माईक हातात आला का गुरुजी.

लोकायले वाटते का पटात माईकवाल्याचं काम म्हनजे जोडी धावताना ओरडनं. नाई ना बाप्पा. जोडी सुटली का पापनी लवते न लवते तं पल्ला पार. तितक्यात कोन काय बोलन? खरं काम दोन जोड्यायच्या मंधात. एक बैल जुवाखाली मान देत नाई, धुरकऱ्याचा (जोडी हाकनाऱ्याचा) दुपट्टा सुटला, घड्याळवाला मान हालवून रायला, पोट्टे दोराच्या आत घुसून रायले. तवा दहा-पंधरा मिनिटं हजार मानूस उन्हात धरून ठेवनं, हे काम.

गुरुजी तवा पोळ्याच्या झडत्या (पोळ्याले बैलायपुढं म्हनतेत ती कवनं) सोडे. "एक नमन गौरा पार्वती" म्हनलं का सारं मैदान "हर बोला हर हर महादेव" करून उठे. मंग बैलाचं खानदान काढे. याची माय कोन्या गावची, याले कोन्या बाजारातून आनलं, मांगच्या साली कोनत्या पटात कितीत धावला. आर्वीकडचा गवळाऊ जातीचा बैल असन तं त्याच्या पांढऱ्या रंगावरच पाच मिनिटं बोले. वेळ सांगे ते सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत, अन् असा ठायी ठायी थांबून सांगे का मालकाचा जीव घशात येये.

वही नाई, कागद नाई. सारं डोक्यात. असा मानूस पुन्हा होनार नाई.

पिटलेन

धागाकर्त्याने माझ्या देवाला हात घातला, आता आवरत नाही. मूळचा आर्वीचाच, नोकरीने नागपुरात. गवळाऊच्या उल्लेखाबद्दल दमणीवाल्यांना एक चहा लागू.

वर 'वही नाही, कागद नाही' वाचलं. वॉकर अगदी उलट, त्याच्याकडे कागदच कागद. शर्यतीआधी गाड्यांच्या तळावर फिरायचं, चालकांशी, मिस्त्र्यांशी बोलायचं, सगळं उतरवून ठेवायचं. मग शर्यत सुरू झाली की उभं राहून बोलायचं. बसून नाही. ऐकताना कळतं, पोटातून आवाज येतो.

आणि गंमत म्हणजे त्या काळात दूरदेशीच्या कित्येक शर्यतींना बीबीसीवाले त्याला पाठवतच नसत. लंडनला स्टुडिओत टीव्हीचा पडदा बघून बोलायचा. पडद्यावर जे दिसतं तेच त्याला दिसायचं, वर धुरकट चित्र, एकसारखे दोन हेल्मेट. त्या चुकांतल्या बऱ्याच चुका कशातून आल्या हे त्यावरून समजावं.

त्याच्या शेजारी १९८० पासून जेम्स हंट, १९७६ चा विश्वविजेता. स्वभाव म्हणजे पूर्व-पश्चिम. वॉकर वेळेच्या आधी हजर, हंट शर्यत सुरू व्हायला दोन मिनिटं असताना उगवायचा. मोनॅकोला पहिल्यांदा आला तो पाय प्लास्टरमध्ये घेऊन, आणि तो पाय ठेवला वॉकरच्या मांडीवर, असं सांगतात. (तेवढ्या दिवशी वॉकरला बसावं लागलं असणार.) भांडू नयेत म्हणून दोघांत माईक एकच दिलेला. एकाने दुसऱ्याच्या हातातून घ्यायचा. एका चुलीवरच्या दोन जावा समजा. वॉकर सगळ्यांना सांभाळून घ्यायचा आणि हंट कोणाचीही भीड ठेवायचा नाही, म्हणून ती जोडी जमली. तेरा वर्षं टिकली. १३ जून १९९३ ला दोघांनी कॅनडाची शर्यत केली आणि दोनच दिवसांनी हंट हृदयविकाराने गेला, पंचेचाळीसचा होता.

माझा सर्वात आवडता प्रसंग मात्र १९८७ चा, ऑस्ट्रियातला. नायजेल मॅन्सेल हा इंग्रज चालक शर्यत जिंकला. मानवंदनेला गाडीतून नेत असताना त्याचं डोकं वरच्या लोखंडी तुळईवर आपटलं आणि हे एवढं टेंगूळ आलं. वॉकर माईक घेऊन मुलाखतीला. कुठे लागलं, असं कळवळून विचारताना त्याने बोट नेमकं त्या टेंगळावर टेकवलं. विश्वविजेतेपदाच्या मागे लागलेला गडी लहान पोरासारखा कळवळला.

चौकस

एक शंका. 'रोज एक मार्स खा, काम करा, आराम करा, खेळा' अशा अर्थाची ती इंग्रजी जाहिरात प्रसिद्ध आहे ना, ती यांचीच ना? कुठेतरी वाचलं होतं.

पिटलेन

नाही, हा फार जुना गैरसमज. ते खातं त्याच्या कंपनीत होतं हे खरं, पण ती ओळ आपली नाही हे तो स्वतः शेवटपर्यंत सांगत राहिला. लोकांनी ऐकलं नाही. पाळीव पोपटांच्या दाण्याची एक ओळ मात्र आपली असल्याचं तो सांगायचा.

तर्कट

धागा चांगला, पण थोडं उलट बोलतो.

एक, निवेदकाचं काम अचूक सांगणं. चूक ती चूक. आपल्या तलाठ्याने सातबारावर अशी 'प्रेमळ' चूक केली तर आपण त्याचं कौतुक करू का? दोन, तो इंग्रज चालकांच्या बाजूने बोलायचा हे उघड आहे. तीन, ताशी तीनशे किलोमीटरची मोटार आणि मुका बैल एका धाग्यात कसे? मोटारीला वेदना नसतात.

पांदणरस्ता

तर्कटभाऊ, सातबाऱ्याचा मुद्दा मान्य. माझ्या आजोबांचं नाव तीन पिढ्या चुकीचं चाललंय.

बैलांबद्दल: प्रश्न खरा आहे, टाळत नाही. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ ला राज्याला अटींसह परवानगी दिली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. काठी, चाबूक, टोचणी चालत नाही. सगळीकडे पाळलं जातं का, तर तुम्हीही पट पाहिलेत आणि मीही. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. इथे माईकवाल्यांवर बोलू. एवढंच म्हणतो की चांगला माईकवाला हा बैलाच्याही बाजूचा असतो. काठी उगारली की भोंग्यातून धुरकऱ्याचं नाव घेऊन झापणारे मी ऐकले आहेत.

पिटलेन

तर्कट, इंग्रज चालकांचा मुद्दा. १३ ऑक्टोबर १९९६, जपानमध्ये सुझुकाला डेमन हिल विश्वविजेता झाला. त्याचा बाप ग्रॅहम हिल दोन वेळचा विश्वविजेता, १९७५ ला विमान अपघातात गेलेला. डेमन तेव्हा पंधरा वर्षांचा. वॉकरने बापाचा काळ पाहिलेला होता, आणि आता पोरगा रेषा ओलांडत होता. तेव्हा तो म्हणाला, "आता मला थांबायलाच हवं, कारण माझ्या घशात आवंढा आलाय." आणि खरंच थांबला. आयुष्यभर ज्याचं तोंड बंद झालं नाही तो माणूस. याला पक्षपात म्हणायचा असेल तर म्हणा.

उलट १९८६ ला ॲडलेडला त्याच्या लाडक्या मॅन्सेलचं मागचं टायर ताशी तीनशेच्या आसपास फुटलं, हातातलं विजेतेपद गेलं, आणि प्रॉस्ट हा फ्रेंच माणूस विश्वविजेता झाला. ते समालोचन ऐका. मॅन्सेलसाठी जीव तुटतो, पण प्रॉस्टच्या वाट्याचं कौतुक तो कापत नाही.

झाडीकर

उशिरा आलो. साकोलीकडचा आहे. आमच्या भंडारा-गोंदियाकडे पटाची रीत जरा वेगळी. दोन दाणी (धावायच्या पट्ट्या) शेजारी शेजारी, दोन जोड्या एकदम सुटतात. त्यामुळे माईकवाल्याची पंचाईत जास्त. इकडे बघू की तिकडे? आणि दोन्ही गावांची माणसं दोन्ही बाजूंना उभी, कान टवकारून. एका गावाचं नाव दुसऱ्यापेक्षा जोरात घेतलं तर संध्याकाळी चहाच्या टपरीवर जाब विचारतात.

शिवाय पट म्हटला की रात्री नाटक. वडशाची नाट्यमंडळी येतात, गावात पाहुण्यांची रीघ, घरोघरी लेकी-जावई. दिवसभर पटावर बोललेलाच माणूस मध्ये मध्ये सांगत असतो की आज रात्री अमुक मंडळाचं नाटक, तिकीट दर एवढे, थंडी आहे तेव्हा चादरी घेऊन या. आणि हरवलेली पोरं. "निळा स्वेटर घातलेला, नाव सांगत नाही, फक्त रडतो, मंचाजवळ या." संध्याकाळपर्यंत आवाज पार बसलेला. तरी नाटकाच्या सुरुवातीला मान्यवरांची यादी वाचायला परत तोच.

एक प्रसंग सांगतो. माझ्यासमोर घडला. एक जोडी दाण सोडून माणसांत घुसली. क्षणभर कोणालाच काही कळेना, मग पळापळ. मागची माणसं पुढे, पुढची मागे, चेंगराचेंगरी होणार हे दिसत होतं. माईकवाला ओरडला असता तर आणखी गोंधळ. त्याने आवाज खाली आणला. इतका खाली, की ऐकायला लोक थांबले. "बसा. जो जिथे आहे तिथे खाली बसा. बैल धरलाय." बैल अजून धरला नव्हता! पण माणसं बसली, बैलाला मोकळी जागा दिसली आणि तो आपणहून उभा राहिला. एका पोराच्या हाताचं हाड मोडलं, त्यापलीकडे काही नाही. नंतर मी त्यांना पाणी द्यायला गेलो तर त्यांना पेला धरता येत नव्हता. हात थरथरत होते.

तर्कटभाऊ, 'बैल धरलाय' हे साफ खोटं होतं. अचूकतेच्या हिशोबात काय धरायचं ते तुम्ही ठरवा.

तर्कट

झाडीकर, हरलो.

पिटलेन

झाडीकर, तुमचा प्रसंग वाचून १ मे १९९४ आठवला. इटलीतलं इमोला. आदल्याच दिवशी पात्रता फेरीत रोलंड रात्सेनबर्गर हा चालक अपघातात गेलेला. शर्यतीत विश्वविजेत्या आयर्टन सेनाची गाडी भिंतीवर आदळली (तोही त्याच दिवशी गेला) आणि मग कितीतरी वेळ काहीच कळत नव्हतं, तरी वॉकरला बोलत राहायचं होतं. तो नेहमीचा ओरडा गायब. शब्द मोजून. हा सत्तरीचा माणूस एरवी साध्या ओव्हरटेकला गळ्याच्या शिरा ताणायचा. मी ते एकदाच ऐकलं, पुन्हा लावलं नाही.

जरा हलकं करतो. इंडियानापोलिसला शेवटच्या शर्यतीच्या वेळी त्याला भेट काय मिळाली माहीत आहे? वीट. खरीखुरी, १९०९ सालची. तो ट्रॅक तेव्हा विटांनी मढवला होता, आता आरंभरेषेवर फक्त एक पट्टा उरलाय. त्या मूळ विटांतली एक त्याला दिली.

निंबोणी

वीट! आपल्याकडे शाल-श्रीफळ देऊन बोळवण करतात. पण विटेची किंमत पंढरपूर माहीत असलेल्या माणसाला वेगळी सांगायला नको. अठ्ठावीस युगं कोणी तरी तिच्यावर उभं आहे. हा पण उभ्यानेच बोलायचा म्हणालात ना?

चौकस

निंबोणी, नमस्कार घ्या _/\_

खडीसाखर

मी इथे वाचते फक्त, लिहीत नाही. पण दमणीवाला यांचा प्रतिसाद वाचून दोन दिवस झोप नीट लागली नाही, म्हणून लिहिते. चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही ज्यांना गुरुजी म्हणता ते माझे बाबा. सोसायटीतले शिपाई, झडत्या, वेळ सांगताना थांबणं, सगळं जुळतं. दुसरे कोणी असूच शकत नाहीत.

'वही नाही, कागद नाही' असं तुम्ही लिहिलंत. वही होती. शंभर पानी, आडव्या रेघांची, अशा अकरा भरलेल्या आहेत. पट असला की ते आदल्या रात्रीच मुक्कामाला जात. लोकांना वाटे जेवणावळीसाठी जातात. ते पहाटे चार वाजता बॅटरी घेऊन जिथे बैल बांधलेले असत तिथे फिरायचे. मी लहान असताना एकदा हट्टाने सोबत गेले होते. माघाची थंडी, सगळीकडे शेणाचा आणि सरकीचा वास, गडी घोंगड्यात झोपलेले. बाबा एकेका बैलासमोर उकिडवे बसायचे. खांदा बघायचे, खूर बघायचे, मग गड्याला हलकेच उठवून दोन गोष्टी विचारायच्या आणि बॅटरी दातात धरून लिहायचं. त्या वहीच्या कडांवर अजून बॅटरी दातात धरल्याची लाळ सुकलेली दिसते असं आई म्हणते. मला काही दिसत नाही.

उजाडेपर्यंत सगळं पाठ. मग वही पिशवीत, पिशवी आईच्या भावाकडे, आणि हात हलवत मंचावर. वही का लपवता, मी विचारलं होतं. म्हणाले, "कागद पाहून बोललं की मालकाला वाटते याले माहीत नव्हतं, आता वाचून रायला. त्याच्या बैलाची ओळख तोंडपाठ असली पाहिजे."

नोंदी मजेशीर आहेत. एका पानावर आहे: 'उजवा, पांढरा, भोंग्याला बुजतो. याच्या वेळी आवाज निम्मा.' मला हे वाचेपर्यंत माहीत नव्हतं की ते काही जोड्यांना मुद्दाम हळू बोलायचे. लोक म्हणत गुरुजी थकले.

२०१४ नंतर वह्या कोऱ्या आहेत. बाराव्या वहीवर नुसतं नाव घातलंय. मधल्या वर्षांत गणपतीत, भागवत सप्ताहात त्यांना बोलवायचे, जायचेही. पण यादी वाचून यायचे, पहाटे उठून कुठे जायचे नाहीत. बंदी उठली तेव्हा होते, आवाज मात्र गेला होता. पहिल्या पटाला आम्ही त्यांना दोराजवळ खुर्ची टाकून दिली. माईकवर एक तरुण मुलगा होता, मोबाईलवरून भोंग्यात सायरन वाजवायचा. मला राग येत होता. बाबा म्हणाले, आवाज मोकळा आहे पोराचा. मग खिशातली खडीसाखर काढून माझ्याजवळ दिली, त्याला नेऊन दे म्हणून. ज्येष्ठमध आणि खडीसाखर, ही पुडी त्यांच्या खिशात कायम असायची. त्या मुलाने ती घेतली आणि विचारलं, कोणी दिली? मी दाखवलं. त्याने माईकवरून काही सांगितलं नाही. खाली उतरून आला आणि पाया पडला.

बाबा मागच्या पावसाळ्यात गेले.

दमणीवाला

ताई, काय लिवू. हात जोडतो. मले मालूम नव्हतं ते गेले म्हनून. आमच्याइकडे कोनी सांगतलं नाई. वहीचं चुकीचं लिवलं, माफी असावी.

पांदणरस्ता

ताई, धागा काढला त्याचं चीज झालं. पिटलेन, ते कागदच कागद आणि पहाटेची बॅटरी. बघा म्हणजे.

त्या अकरा वह्या जपा. पावसाळ्याआधी प्लास्टिकमध्ये घाला, वाळवीचं औषध कोपऱ्यात ठेवा, वहीला लावू नका. जमेल तेव्हा पानांचे फोटो काढून ठेवा. फोटो काढायला माणूस लागला तर मी दर्यापूरला येतो, ट्रॅक्टरचे पार्ट आणायला अकोल्याला येणं होतंच.

खडीसाखर

हो दादा, या. आई चहा केल्याशिवाय सोडणार नाही.

दमणीवाला

ताई, एक विचारू का? आमची बी जोडी होती. डावा कबरा, उजवा लाल, शिंगं मांगं गेलेला. २००७ च्या पटात उतरवली होती, नंबर नाई आला. गुरुजीनं तवा लय चांगलं बोललं होतं. त्या वहीत हाये का काही?

खडीसाखर

थांबा, बघते. सातव्या वहीत असेल.

खडीसाखर

सापडलं. जसं आहे तसं उतरवते. 'कबरा डावा, लाल उजवा. लाल चांगला, कबरा आळशी पण देखणा, रूपावर बोलावे. मालक मनाचा मोठा. सोसायटीत थकबाकी आहे, आज त्याला कर्जावरून कोणी चिडवू नये, मधे विषय आला तर झडती सुरू करावी.'

दमणीवाला

थकबाकी २००९ ले फेडली ताई. पावती हाये मह्यापाशी. तेवढं पेनानं खोडून टाका.